लेथ घरी नेताना: उचलायची कमी, सरकवायची जास्त

एमआयडीसीतलं एखादं जुनं वर्कशॉप आवरलं जातं, साडेचार किंवा सहा फुटी लेथ (धातू फिरवून कातायचं मशीन) बेताच्या भावात मिळते आणि सौदा चहावर पक्का होतो. ती गावातल्या शेडपर्यंत न्यायची कशी, हा विचार मात्र पिकअप दारात उभी राहिल्यावर सुरू होतो. तोपर्यंत गल्लीतली आठ-दहा पोरं जमलेली असतात आणि प्रत्येकाकडे एकेक युक्ती असते. बोटं चिरडतात ती याच वेळी.

अवजड मशीन हलवायला ताकद फार लागत नाही. ठोकळे, पाईप, एक जॅक, दोन पहारी आणि अर्धा दिवस हाताशी असला की भागतं. जमिनीपासून दीड इंचावर असलेली लेथ कलली तर खालच्या ठोकळ्यावर टेकते. दोन फुटांवर लटकलेली कलली तर तिला धरणारं कोणी नसतं. म्हणून मशीन जितकी कमी उंच आणि जितक्या रुंद बुडावर राहील तितकं बरं. खाली उदाहरणासाठी ७०० किलोची, बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) पायांची साडेचार फुटी लेथ धरली आहे. इतर मशीनसाठी आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

आधी वजन

“असेल पाच-सहाशे किलो” या अंदाजावर कप्पी आणि पट्टा ठरवू नका. साडेचार फुटी लेथ ५०० किलोची असते तशी ८०० चीही असते, बेडची (मशीनच्या लांब आडव्या पाट्याची) रुंदी आणि हेडस्टॉकची (काम फिरवणाऱ्या टोकाच्या जड पेटीची) बनावट यावर ते अवलंबून आहे. मशीनवर पत्रा असेल तर तो वाचा. नसेल तर बीड साधारण ७.२ किलो दर हजार घनसेंटिमीटरला, म्हणजे भरीव घनफुटाला जवळपास २०० किलो, हे धरून भागाभागाने हिशेब करा आणि वर २५ टक्के वाढवा.

गाडीत चढल्यावर मात्र अंदाजावर राहायचं कारण नाही. खानदेशात जिनिंगच्या आसपास आणि मोठ्या रस्त्यांच्या कडेला वजनकाटे आहेतच. गाडी रिकामी असताना एक पावती घ्या, भरल्यावर दुसरी. उतरवायचा बेत या फरकावर ठरवा, कारण चढवताना तिथे बहुधा क्रेन असते आणि घरी नसते.

वाट चालून पाहा

मशीन आणायच्या आधी टेप घेऊन उलट्या दिशेने चाला: जिथे मशीन बसणार तिथून रस्त्यापर्यंत. दाराची रुंदी चौकटीच्या आतून मोजा, उंबऱ्याची उंची मोजा, गल्लीचं वळण मोजा. स्किडसकट (मशीनखाली बांधायच्या चौकटीसकट) मशीनची लांबी सहा-साडेसहा फूट होते आणि ती काटकोनात वळवायला तेवढीच मोकळी जागा लागते. वरून जाणाऱ्या विजेच्या तारा पाहा. गावातल्या गल्लीत त्या लोंबलेल्या असतात आणि हायड्राचा (चाकांवरच्या क्रेनचा) बूम पहिल्यांदा तिथेच जातो. तार जवळ असेल तर हायड्राचा नादच सोडा, नाहीतर महावितरणकडून लाईन बंद करून घ्या.

जमिनीखाली काय आहे हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. जुन्या घरांच्या अंगणात बुजवलेलं पेव, बळद (धान्य साठवायच्या जुन्या जागा), पाण्याचा हौद किंवा शौचखड्ड्याचं झाकण असतं आणि नव्या पिढीला त्याचा पत्ता नसतो. शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर हातोडीचं लाकूड आपटत चाला. भरीव फरशी टणक वाजते, पोकळ फरशीचा आवाज बद्द येतो. पोकळ फरशीवर पाईपवरचं मशीन नेलं की ती मधोमध तडकते आणि पाईप त्या फटीत अडकतो. अशा वाटेवर १८ मिमी प्लायवूड आणि त्यावर ५-६ मिमीचा लोखंडी पत्रा अंथरा. दोन तुकडे पुरतात, मागचा काढून पुढे टाकत जायचं.

धाब्याचं घर असेल तर छताच्या तुळईला चेन कप्पी टांगायचा विचार मनात आणू नका. ती तुळई आधीच वरच्या फूटभर मातीचं ओझं पेलते आहे, आणि भिंतीत गेलेलं तिचं टोक वाळवीने किती खाल्लं आहे ते बाहेरून कळत नाही. माडीवर मशीन न्यायची असेल तर तीही गोष्ट सोडून द्या. राहत्या घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो चालत्या भारासाठी बांधलेला असतो. लेथ तेवढा भार दोन पायांखालीच टाकते.

हलकी करा

मेन स्विच बंद करून वायरमनकडून वायर सोडवा. सोडवण्याआधी टर्मिनलचा फोटो काढा, तिन्ही वायरींना चिकटपट्टीने १, २, ३ लिहा आणि स्पिंडल (हेडस्टॉकमधला फिरणारा दांडा) कुठल्या दिशेला फिरतो तेही लिहून ठेवा. याचं कारण शेवटी येईल.

मग चक, म्हणजे स्पिंडलवरचा, काम पकडणारा जबडा. दहा इंची चार जबड्यांचं चक तीस किलोच्या आसपास भरतं आणि सुटताना सरळ बेडवर आदळतं. बेडच्या पृष्ठावर पडलेला तो खड्डा मशीन असेपर्यंत राहतो. त्यामुळे आधी बेडवर लाकडी पाट ठेवा, चकाच्या खालच्या बाजूला लागेल एवढी त्याची उंची करा आणि मगच चक सोडा. टेलस्टॉक (बेडच्या दुसऱ्या टोकाचा, कामाला टेकू देणारा भाग) सरकवून काढा. मागे लटकणारी मोटार काढा, ती मशीनला एका बाजूला ओढत असते. टूलपोस्ट, चिप ट्रे, कूलंटची टाकी, सुटे गियर, सगळं खाली. हेडस्टॉकमधलं तेल काढून घ्या, नाहीतर कललं की सीलमधून गळतं आणि पाईपखालची जमीन निसरडी होते. एवढ्याने ७०० किलोची मशीन ६०० च्या खाली येऊ शकते.

कॅरेज (हत्यार धरून बेडवर सरकणारा भाग) बेडच्या टेलकडच्या टोकाला नेऊन लॉक करा. हेडस्टॉककडे वजन जास्त असतं, कॅरेज लांब गेला की तोल मधल्या बाजूला सरकतो. गॅप बेड (हेडस्टॉकजवळ सुटा तुकडा असलेला बेड) असेल तर गॅपचा तुकडा काढू नका. तो परत तंतोतंत बसवणं जिकिरीचं काम आहे.

घासलेल्या सगळ्या पृष्ठांवर ग्रीसचा थर लावून प्लास्टिक गुंडाळा. प्रवासातली धूळ आणि घामाचे हात या दोन्हींनी गंज धरतो.

स्किड

लेथचे पाय पुढून मागे जेमतेम दीड फूट असतात आणि वजन सगळं वर. ती पडते ती बहुधा पुढे किंवा मागे, लांबीच्या दिशेने क्वचित. स्किडमुळे हे बूड रुंद होतं.

चार इंच बाय चार इंचाचे दोन दासे (लाकडी तुळया) घ्या, बाभळीचे किंवा निंबाचे, गाठी कमी असलेले. लांबी मशीनच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी सहा इंच जास्त. हे दोन दासे लांबीच्या दिशेने एकमेकांपासून अडीच फुटांवर ठेवा आणि त्यांच्यावर दोन आडवे दासे, एक हेडच्या पायाखाली आणि एक टेलच्या पायाखाली. आडव्या दाशांना मशीनच्या पायातल्या भोकांतून बोल्ट घाला, साधारण १२ किंवा १६ मिमीचे, खाली मोठा वॉशर लावून. खिळे ठोकून भागवू नका, खिळा उपटतो. आडवे आणि उभे दासेही बोल्टने जोडा आणि बोल्टचं डोकं खालच्या बाजूने खोबणीत आत घ्या, नाहीतर पाईप त्याला अडतो. उभ्या दाशांची खालची टोकं पंचेचाळीस अंशांत तासून घ्या, म्हणजे पाईप टोकाखाली आपोआप शिरतो. लाकडाऐवजी १०० मिमीचं चॅनल चालतं, पण लोखंड लोखंडावर घसरतं. मशीनच्या पायाखाली रबराचा तुकडा ठेवा.

जॅकने चढवणे

स्किडवर मशीन चढवायला क्रेन लागत नाही. पाच टनी बॉटल जॅक पुरतो. जॅकखाली लोखंडी पत्रा किंवा जाड फळी, जॅकच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा. बीड वाकत नाही, तुटतं. पायाच्या पातळ ओठाखाली जॅक लावला की तो ओठ बिस्किटासारखा हातात येतो, त्यामुळे जॅक भरीव भागाखाली, पायाच्या कोपऱ्याशी किंवा बेडच्या आडव्या बरगडीखाली. लीडस्क्रू आणि फीड रॉडला (बेडच्या पुढून जाणाऱ्या, कॅरेज चालवणाऱ्या लांब दांड्यांना) जॅक, दोर किंवा पहार काहीही लागता कामा नये. त्या थोड्या वाकल्या तरी आटे कापताना दर फेऱ्याला त्रास देतात.

एका वेळी एकच टोक, एका वेळी एक ते दीड इंच. टोक वर गेलं की लगेच खाली ठोकळा सरकवा. जॅक वर जातो तसा ठोकळा त्याच्या मागोमाग, मध्ये अर्ध्या इंचाहून जास्त फट राहू देऊ नका. जुन्या जॅकचं सील धुळीने गेलेलं असतं आणि तो पाच मिनिटांत हळूच बसतो. ठोकळा असला की तो बसल्याचा काहीच फरक पडत नाही. ठोकळे सरकवताना हात मशीनखाली घालायचा नाही, दुसऱ्या लांब पट्टीने ढकलायचे. उंची वाढवायची झाली तर दोन उभे दोन आडवे अशी चौकोनी चवड रचा आणि तिची उंची बुडाच्या रुंदीच्या दुपटीपेक्षा जास्त नेऊ नका.

पहारीनेही टोक उचलता येतं. पाच फुटी पहारीला टोकापासून तीन इंचांवर टेकू दिला की जोर एकोणीसपट होतो, म्हणजे हातचा पंचवीस किलोचा दाब पावणेपाचशे किलो उचलतो. तितक्याच जोरात पहार उलटी उसळते. म्हणून पहारीच्या बाजूला उभं राहून दाबायचं. तिच्यावर वाकून किंवा ती दोन पायांत घेऊन दाबणाऱ्याचा जबडा फुटतो.

तोल कुठे आहे ते इथेच पाहून घ्या. स्किडखाली मधोमध एकच पाईप ठेवा, दोन्ही टोकांखाली पाऊण इंचाच्या फटीने ठोकळे राहू द्या आणि मशीन कुठल्या बाजूला झुकते ते बघत पाईप इंचाइंचाने सरकवा. ज्या जागी ती दोन्हीकडे सारखी डुलते तिथे स्किडवर खडूची जाड रेघ मारा. उतारावर ही रेघ फार कामाला येते.

पाईपवर

एक इंची जीआय पाईप, शक्यतो सी क्लास, सहा नग, स्किडच्या रुंदीपेक्षा प्रत्येक बाजूला सहा इंच लांब. वाकडा पाईप बाजूला टाका, तो मशीनला एका बाजूला नेतो. पीव्हीसीचा पाईप इकडे घरोघरी पडलेला असतो, पण तो चेपतो. फरशी उंचसखल असेल तर दीड इंची पाईप सुखाने जातो, पण मशीन जरा उंच होते आणि उतार असला तर पळतेही लवकर.

कोबा गुळगुळीत असेल तर ७०० किलोला वीस ते पस्तीस किलोचा जोर पुरतो. दोन माणसं आरामात ढकलतात, म्हणून सहा जणांनी ढकलायचं नाही. कायम निदान तीन पाईप स्किडखाली राहिले पाहिजेत. मशीन दोन फूट गेली की पाईप एकच फूट जातो, त्यामुळे मागचा पाईप थोड्या वेळाने आपोआप बाहेर येतो. तो पूर्ण मोकळा झाल्यावरच उचलायचा आणि पुढे ठेवायचा. ठेवताना तो टोकाच्या बाहेरच्या बाजूने धरा आणि काठीने स्किडकडे सरकवा. बोटं पाईप आणि दाशाच्या मध्ये कधीच नको. वळवायचं असेल तर पुढचे पाईप पंख्यासारखे तिरके ठेवा. मशीन एका बाजूला जात असेल तर पाईपच्या टोकावर हातोड्याचा हलका ठोका पुरतो.

एकाचाच आवाज. “हां” म्हटलं की ढकलायचं आणि “थांब भो” कोणीही म्हणालं तरी सगळ्यांनी थांबायचं. ओरडणारा माणूस मशीनला हात न लावता बाजूला उभा राहतो, त्याचं काम फक्त पाहणं. बघायला आलेल्या पोरांना ओट्यावर बसवा.

पायात चप्पल नको. पोलादी टोकाचे बूटही साधारण वीस किलोची वस्तू मीटरभरावरून पडली तर वाचवतात, लेथच्या पायाखाली नाही. तरी पाईप आणि पहार पायावर पडणं हेच जास्त घडतं, तेवढ्यासाठी ते हवेत. हातमोजे चामड्याचे घ्या, कापडी मोजे साखळीत ओढले जातात. आणि एप्रिल-मे असेल तर सकाळी सहा ते नऊ. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा दुपारी उन्हातल्या लोखंडाला हात लावता येत नाही, आणि चटका बसलेला माणूस हातातलं सोडून देतो.

पट्टे आणि कप्पी

चढवताना क्रेन किंवा हायड्रा मिळत असेल तर जरूर घ्या, मात्र पट्टे स्वतः तपासा. चपट्या नायलॉन पट्ट्यांचा रंग त्यांची ताकद सांगतो: जांभळा १ टन, हिरवा २ टन, पिवळा ३ टन. लेबल गेलेला, शिवण उसवलेला किंवा काठाला कापलेला पट्टा घेऊ नका. जिनिंगच्या गठाणीची पट्टी आणि विहिरीचा जुना नाडा या कामाच्या वस्तू नाहीत.

पट्टा बेडखालून, बरगडीच्या दोन्ही बाजूंनी घ्या, लीडस्क्रूच्या आतून. बिडाची धार लागते तिथे जुन्या टायरचा तुकडा किंवा उभा चिरलेला एचडीपीई पाईप लावा. दोन पायांच्या पट्ट्याचा कोन पाहा. पट्टा जमिनीशी ६० अंशांत असेल तर ७०० किलोसाठी प्रत्येक पायावर सुमारे ४०५ किलो येतात, ४५ अंशांत ४९५, आणि ३० अंशांत पुरे ७००. पट्टा तोकडा पडला म्हणून ताणून आडवा लावणारे हाच घोटाळा करतात. शिवाय आडवा पट्टा मशीनला दोन्ही बाजूंनी आवळतो आणि हँडल, रॉड वाकवतो. अर्धा फूट उचलून थांबा, पाहा. कलली तर खाली घ्या आणि पट्टा हेडकडे सरकवा. हाताने धरून सरळ करायला जाऊ नका. झुलू नये म्हणून टोकाला दोर बांधून लांबून धरा.

जेसीबीच्या बकेटच्या दाताला साखळी अडकवून मशीन उचलायची पद्धत सर्रास आहे. बकेट जरा फिरली की साखळी दातावरून निसटते. त्यापेक्षा रोलर परवडला.

बोअरची मोटार काढणाऱ्यांकडे तीन पायांची घोडी आणि चेन कप्पी असते, गावात सगळ्यात सहज मिळणारी वस्तू हीच. कप्पीवर छापलेलं वजन पाहा, एक टनाची हवी. घोडीचे पाय निदान अडीच-तीन इंची पाईपचे आणि तिन्ही पाय खालून साखळीने एकमेकांना बांधलेले हवेत, नाहीतर भार आला की ते फाकतात. काळ्या मातीवर प्रत्येक पायाखाली जाड फळी. भार तीन पायांच्या मधोमध सरळ वर-खाली करायचा. घोडीवरून मशीन बाजूला ओढली की घोडी त्याच बाजूला आडवी होते.

गाडी आणि रस्ता

छोटा हत्तीत ७०० किलोची लेथ कागदावर बसते, प्रत्यक्षात स्किड आणि सुटे भाग धरून ती भरून वाहते. बोलेरो पिकअप बरी. हेडस्टॉक केबिनच्या बाजूला ठेवा, स्किड पुढच्या फळीला टेकवा म्हणजे ब्रेक मारल्यावर मशीनला सरकायला जागा राहत नाही. स्किडखाली पाईप अजिबात ठेवायचे नाहीत. दाशाखाली रबराची चटई किंवा ओलं गोणपाट.

चार रॅचेट पट्टे, चारही कोपऱ्यांकडे तिरपे, बेडवरून स्किडकडे आणि स्किडवरून गाडीच्या हुकांकडे. जोराने ब्रेक लागला तर वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत जोर पुढे येतो, वळणावर बाजूला निम्मा, त्या हिशेबाने पट्टे घ्या. पहिल्या पाच किलोमीटरला थांबून पुन्हा आवळा, दासे दबतात. लळिंग किंवा कन्नडचा घाट वाटेत असेल तर घाटाच्या आधी पुन्हा एकदा. मागे मशीन धरून बसायला माणूस द्यायचा ही इकडची वाईट खोड आहे. सुटलेली लेथ माणसाला थांबवता येत नाही, तो फक्त तिच्या आणि फळीच्या मध्ये सापडतो.

उतरवणे

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. क्रेन नसेल तर उंची मारण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. गाडीच्या मागच्या फळीच्या उंचीचा ओटा किंवा बांध असेल तर गाडी मागे लावून मधली फट प्लेटने झाका आणि मशीन सरळ पाईपवर बाहेर काढा. शेतातली शेड असेल तर जेसीबीने मागच्या चाकांपुरता उतरता चर खणा. गाडी मागे घेतली की फळी जमिनीच्या बरोबरीला येते. चराची किंमत तुटलेल्या हेडस्टॉकपेक्षा कमी आहे.

नसेल जमत तर उतरंड, म्हणजे गाडीपासून जमिनीपर्यंत तिरपी वाट. फळी अडीच फूट उंच असेल तर उतरंड पंधरा फूट, म्हणजे सहास एक उतार. त्यावर ७०० किलो मशीन ११५ किलोच्या जोराने खाली ओढते. दहा फुटी उतरंड केली तर हाच आकडा १७० होतो. दोन १२५ मिमीची चॅनल घ्या. चॅनल पालथं टाकलं तर त्याची वाकायची ताकद उभ्याच्या साधारण पाचव्या हिश्शावर येते, म्हणून पालथ्या चॅनलखाली दर तीन-चार फुटांवर ठोकळ्यांची चवड लागते. चॅनलची वरची टोकं गाडीला बोल्टने अडकवा.

उतरंडीवर पाईप लावायचे नाहीत. स्किड सरळ चॅनलवर ठेवा आणि थोडं ग्रीस लावा. घर्षण आणि उतार जवळपास बरोबरीला येतात, मशीन हळू सरकते आणि धरून ठेवायला सोपी जाते. धरायला पुल-लिफ्ट (दांड्याने चालणारी, आडवी ओढणारी साखळी कप्पी) वापरा, एक टनाची, गाडीच्या पुढच्या भागातल्या चॅसीला अडकवून. साधी चेन कप्पी उभ्या भारासाठी असते, आडवी लावली की साखळी पीळ खाऊन अडते. पुल-लिफ्ट सुटलीच तर या हिशेबाने दुसरा दोर सैल बांधून ठेवा. गाडीच्या चाकांना पुढे-मागे अडण्या लावा आणि मागच्या चॅसीखाली ठोकळे लावून स्प्रिंग हलणार नाही असं करा. हे विसरलं की मशीन कडेला आल्यावर गाडीचा मागचा भाग दबतो, ती उतरल्यावर उसळतो आणि चॅनल निखळतं.

खडूची रेघ फळीच्या कडेला आली की थांबा. या जागी मशीन पाळण्यासारखी एकदम पुढे झुकते. पुढच्या टोकाखाली आधीच ठोकळे भरून ठेवा आणि एकेक काढत ते टोक चॅनलवर टेकवा. मशीनच्या पुढे, उतरंडीच्या सरळ रेषेत, कोणीही उभं राहायचं नाही.

उंबरा

चार इंची उंबऱ्यावरून पहारीने मशीन उडवून नेऊ नका. दोन्ही बाजूंनी फळ्यांचा उंबऱ्याइतका चौथरा करा, मशीन जॅकने इंचाइंचाने त्यावर घ्या, पाईपवर पलीकडे न्या आणि तशीच उतरवा. तासभर जातो, चौकट वाचते.

पिलर ड्रिल (उभ्या खांबावरचं, भोकं पाडायचं मशीन) मात्र वेगळी. साडेपाच फूट उंच, बूड लहान, डोकं जड. ती उभी नेऊ नका. टेबल आणि डोकं शक्य तितकं खाली आणून लॉक करा, मोटार काढा, खांबाला वरच्या बाजूने दोर बांधून दोघांनी मागून सैल सोडत तिला दोन जुन्या टायरांवर पाठीवर निजवा. मग निजलेलीच फळीवर बांधून सरकवा.

बसवणे

काळ्या मातीवर नुसता कोबा टाकून लेथ बसवली तर उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात जमीन फुगते आणि बेडला पीळ बसतो. दीड फूट काळी माती काढा, मुरूम भरून थर थर पाणी मारत ठोका, वर सहा इंच कॉंक्रीट, एकास दीड आणि तीन या प्रमाणात, जाळी घालून. निदान आठ-दहा दिवस पाणी मारल्याशिवाय मशीन त्यावर नेऊ नका. पूर्ण ताकद अठ्ठावीस दिवसांनी येते.

मशीन जागेवर आली की स्किड काढायची तीच पद्धत उलटी: एक टोक, दीड इंच, ठोकळा. पायांखाली लेव्हलिंगचे पॅड लावा. गवंड्याची पाणपातळी इथे चालत नाही. मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी लेव्हल कुठल्या वर्कशॉपमधून एका दिवसासाठी मागून आणा. बेडवर हेडकडे आणि टेलकडे आडवी ठेवून पाहा. दोन्हीकडे बुडबुडा सारखाच सरकला तर मशीन एका अंगाला कललेली आहे, त्याने फारसं बिघडत नाही. हेडला एकीकडे आणि टेलला दुसरीकडे गेला तर बेडला पीळ आहे, आणि असा बेड काम निमुळतं काढतो.

घरगुती एक फेज लाईनवर तीन फेज मोटार चालवायची तर व्हीएफडी (एक फेजचे तीन फेज करून मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लागते, आणि मोटारीच्या पाटीवर २३० व्होल्ट डेल्टा असं लिहिलेलं असेल तरच ती सरळ जमते. शेतीच्या पंपाच्या कनेक्शनवरून वर्कशॉप चालवणं महावितरणच्या नियमात बसत नाही. अर्थिंग वेगळं करून घ्या.

पहिली सुरुवात चक न लावता करा. दोन फेज उलटे लागले असतील तर स्पिंडल उलटा फिरतो, आणि आट्यांवर बसणारं चक उलट्या दिशेने सुटून बेडवर येतं. लिहून ठेवलेल्या दिशेशी जुळलं की मगच चक चढवा, तोच लाकडी पाट खाली ठेवून. हेडस्टॉकमध्ये नवं तेल भरून कमी वेगात पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि बेअरिंगवर हात ठेवून पाहा. आठवड्याने लेव्हल पुन्हा लावा, दासे-फळ्या परत देऊ नका, कारण मृगाच्या पावसात माती फुगली की एखाद्या पायाखालचा पॅड पुन्हा जॅक लावून फिरवावा लागतो.